मुदत संपली, तपास सुरूच

कोरियन थ्रिलरचा विषय निघाला की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला ‘शेवट’ येतोच. शेवटी असं काही होतं की विचारू नकोस. शेवट मात्र कुणाकडून ऐकू नकोस. मीही अशाच शिफारशींवरून हे चित्रपट पाहायला लागले. पुढे त्यांतले बरेच दुसऱ्यांदा पाहिले, काही तिसऱ्यांदा, आणि शेवट माहीत असताना ते अधिक जड जातात असं लक्षात आलं. रहस्यकथेच्या बाबतीत हे उलटंच म्हणायचं. बाबुराव अर्णाळकरांच्या पुस्तकांवर वाढलेल्यांना आठवत असेल, खुनी कळला की पुस्तक वाचनालयात परत जायचं आणि दुसरं घरी यायचं. हे चित्रपट तसे परत करता येत नाहीत.

मग ही ओढ कशाची? कलाटणीची, हिंसेची, चित्रणातल्या सफाईची, की ‘हान’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या, कोरियन मनात साचलेल्या दुःखाची? ही सगळी उत्तरं दिली जातात आणि प्रत्येकात थोडं तथ्य आहे. माझं उत्तर मात्र कायद्याच्या एका कलमापासून सुरू होतं. ते सांगताना काही चित्रपटांचे शेवट उघड होतील, त्याला इलाज नाही.

दक्षिण कोरियात २००७पर्यंत खुनाच्या खटल्याला पंधरा वर्षांची मुदत होती. तेवढ्या काळात खटला उभा राहिला नाही, तर पुढे खुनी स्वतःहून चौकीत येऊन बसला तरी त्याच्यावर खटला भरता येत नसे. २००७ मध्ये ही मुदत पंचवीस वर्षांवर गेली आणि २०१५ मध्ये रद्द झाली. ती रद्द व्हावी म्हणून रेटा निर्माण झाला तो दाएगू शहरात १९९९ साली अ‍ॅसिड हल्ल्यात गेलेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या प्रकरणातून. कायदा बदलला खरा, पण त्या मुलाच्या खुनाची मुदत तोवर उलटून गेली होती. आपल्याकडे खुनाला अशी कालमर्यादा नाही. खटला वीस वर्षं रखडेल, साक्षीदार मरतील, पण अमुक तारखेनंतर खून माफ, असं कायदा सांगत नाही. त्यामुळे कॅलेंडरचं एक पान उलटलं आणि मारेकरी कायमचा मोकळा झाला, या भीतीची आपल्याला सवय नाही. कोरियन प्रेक्षकाला ती होती.

तीन प्रकरणं त्या देशाच्या मनात रुतून बसली आहेत. सोलच्या दक्षिणेला ह्वासाँग परिसरात १९८६ ते १९९१ या काळात दहा स्त्रिया आणि मुलींचे खून झाले. १९९१च्या जानेवारीत सोलमध्ये नऊ वर्षांच्या मुलाचं अपहरण झालं. अपहरणकर्ता फोनवर फोन करत राहिला आणि पोलीस पोहोचले तेव्हा मूल जिवंत नव्हतं. त्याच वर्षी मार्चमध्ये दाएगूजवळच्या डोंगरात गेलेली पाच मुलं परत आली नाहीत. त्यांची हाडं सापडली ती २००२ मध्ये. तिन्ही प्रकरणांतली शेवटची मुदत २००६च्या पहिल्या चार महिन्यांत संपली. आणि तिन्हींवर चित्रपट झाले: २००३ मध्ये ‘मेमरीज ऑफ मर्डर’, २००७ मध्ये ‘व्हॉइस ऑफ अ मर्डरर’, २०११ मध्ये ‘चिल्ड्रन’. मधल्या चित्रपटाच्या अखेरीस अपहरणकर्त्याचा खरा, ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला जातो. कायद्याच्या लेखी प्रकरण बंद झालं होतं, आणि चित्रपटगृहात बसलेल्या लोकांना विचारलं जात होतं की हा आवाज कुणी ओळखता का. रहस्यपटानं प्रेक्षकाला इतक्या सरळपणे साक्षीदार केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

‘मेमरीज ऑफ मर्डर’ हा या सगळ्या प्रकाराचा पाया. बोंग जून-हो यांचा हा दुसरा चित्रपट, किम क्वांग-रिम यांच्या नाटकावर आधारलेला. मूळ कोरियन नावात ‘आठवणी’साठी जो शब्द आहे तो एरवी शाळेच्या, गावाच्या, जुन्या मैत्रीच्या गोड आठवणींसाठी वापरतात. खुनाच्या शेजारी तो ठेवल्यावर जे अस्वस्थ वाटतं, तेच पुढे दोन तास वाटत राहतं. सोनेरी भातशेती, निळं आभाळ, चाळे करणारं एक पोर, आणि बांधाजवळच्या नाल्यात प्रेत. पुढे शेतातल्या वाटेवर खुन्याच्या बुटाचा ठसा सापडतो. गावठी फौजदार त्याच्याभोवती खूण करतो, पोरांना हाकलतो, ओरडत राहतो, आणि त्याच्या डोळ्यांदेखत एक ट्रॅक्टर येऊन ठसा चिरडून जातो. हे सगळं एकाच सलग दृश्यात घडतं. पोलीस, बघे, वार्ताहर, घसरून पडणारे अधिकारी सगळे एका चौकटीत, आणि पुरावा त्यांच्या पायाखाली.

हे फौजदार संशयितांना तळघरात मारतात. त्यातला एक तर बुटाला कापड गुंडाळून लाथ मारतो, वळ उठू नये म्हणून. मारून झालं की मारणारा आणि मार खाणारा शेजारी बसून काळ्या सॉसमधल्या नूडल्स खातात आणि दूरदर्शन संचावर गाजलेली पोलिसी मालिका बघतात. त्या मालिकेत दर आठवड्याला गुन्हेगार सापडतो. मला हे दृश्य संपूर्ण चित्रपटातलं सर्वांत भयंकर वाटतं, कारण त्यात कुणीच राक्षस नाही. ज्या पायानं लाथा घातल्या तोच पाय पुढे गंजक्या खिळ्यामुळे धनुर्वात होऊन कापावा लागतो. बोंग यावर काहीही भाष्य करत नाहीत.

काळ आहे चुन डू-ह्वान यांच्या लष्करी राजवटीचा. खुनी पावसाळी रात्री बाहेर पडतो हे लक्षात येतं, जास्तीची कुमक मागवली जाते, आणि उत्तर येतं की सगळे शिपाई निदर्शनं मोडायला गेले आहेत. युद्धसरावाचा भोंगा वाजतो, गाव निमूट दिवे मालवतं, आणि त्या अंधारात एक शाळकरी मुलगी रस्त्यावर असते. इथे ‘खून कुणी केला’ या प्रश्नाला दुसरा प्रश्न येऊन चिकटतो: तो इतक्या सहज करता आला, तो कुणामुळे? माझ्या मते कोरियन रहस्यपटाचं खरं आकर्षण या दुसऱ्या प्रश्नात आहे. पहिल्याचं उत्तर मिळो न मिळो, दुसरा सुटत नाही. म्हणूनच शेवट माहीत असूनही चित्रपट संपल्यासारखा वाटत नाही.

शेवटी नोकरी सोडून रस-यंत्रं विकणारा तो फौजदार २००३ मध्ये पुन्हा त्याच नाल्यापाशी येतो, वाकून आत बघतो आणि मग थेट कॅमेऱ्यात. सोंग कांग-हो यांचा तो चेहरा. खुनी कधीतरी हा चित्रपट पाहायला येईल आणि ही नजर त्याच्या नजरेला भिडेल, असं दिग्दर्शकाच्या मनात होतं. २०१९ मध्ये जपून ठेवलेल्या पुराव्यांच्या डीएनए तपासणीत ली चून-जे हे नाव निघालं. मेहुणीच्या खुनासाठी तो १९९४ पासूनच कैदेत होता. त्या काळात पोलिसांनी त्याची चौकशीही केली होती, पण खुन्याचा रक्तगट ‘बी’ आहे असं धरून चालल्यामुळे तो सुटला. त्यानं चौदा खुनांची कबुली दिली. २०२० मध्ये न्यायालयात त्यानं सांगितलं की तुरुंगात त्यानं तो चित्रपट पाहिला होता, आणि त्याला काहीच वाटलं नव्हतं.

पंधरा वर्षांच्या त्या मुदतीनं पुढे एक अख्खी कथापरंपरा जन्माला घातली. ‘कन्फेशन ऑफ मर्डर’ या २०१२च्या चित्रपटात मुदत संपताच खुनी आपल्या गुन्ह्यांवर पुस्तक लिहून प्रसिद्धीच्या झोतात येतो. २०१३च्या ‘मोंताज’मध्ये मुलीच्या अपहरणाची मुदत संपत आलेली असताना घटनास्थळी कुणीतरी फूल ठेवून जातं. ‘मोंताज’वरून हिंदीत २०१६ साली अमिताभ बच्चन यांचा ‘तीन’ आला. कोलकात्याची पार्श्वभूमी त्याला छान लाभली आहे, पण मुदतीचं घड्याळ आपल्या कायद्यात नाही, त्यामुळे ते कथेतूनही गेलं. मूळ चित्रपटात आई आणि फौजदार दोघंही मिनिटं मोजत असतात. इथे आजोबा आठ वर्षं चौकीच्या पायऱ्या झिजवतात. दुःख उरलं, पण त्याला मागून ढकलणारा हात गेला. ‘ओल्डबॉय’चीही एक गंमत आहे. तो ज्या जपानी चित्रकथेवर आधारलेला आहे, तिच्यात नायक दहा वर्षं कोंडलेला असतो. पार्क चान-वूक यांनी ती वर्षं पंधरा केली. कारण काहीही असो, कोरियन कानाला तो आकडा नुसता आकडा वाटला नसणार.

हा सिनेमा अचानक उगवला नाही. किम की-यंग यांचा १९६०चा ‘द हाउसमेड’ पाहिला की घर, जिना आणि वर्ग यांच्या भीतीची बीजं तिथे दिसतात. बोंग यांच्या ‘पॅरासाइट’चा जिना त्याच घरातून आलेला आहे. पण मधली दोन-अडीच दशकं लष्करी सेन्सॉरखाली गेली. १९८७ मध्ये लोकशाहीचा लढा यशस्वी झाला, १९९६ मध्ये घटनात्मक न्यायालयानं चित्रपटांची पूर्वतपासणी घटनाबाह्य ठरवली, आणि त्याच वर्षी बुसान महोत्सव सुरू झाला. पुढच्याच वर्षी आर्थिक संकट कोसळलं आणि नाणेनिधीच्या कर्जाबरोबर कारखाने, नोकऱ्या, कुटुंबं उद्ध्वस्त झाली. म्हणजे बोलायची मोकळीक मिळाली, आणि बोलण्यासारखं भरपूर साचलेलं होतं. बोंग समाजशास्त्र शिकलेले, पार्क तत्त्वज्ञान. या पिढीनं हॉलीवूडची तपासकथा उचलली आणि तिच्यात आपल्या देशाची चौकी, आपली झोपडपट्टी, आपला इतिहास ठेवला. प्रेक्षकही मागे राहिले नाहीत. तेव्हा पाच कोटींहून कमी लोकसंख्या असलेल्या देशात ‘मेमरीज ऑफ मर्डर’ पन्नास लाखांहून अधिक लोकांनी चित्रपटगृहात जाऊन पाहिला. न सुटणाऱ्या खुनाची गोष्ट धंदा करू शकते, हे तिथल्या निर्मात्यांना त्या आकड्यानं पटवलं. माझ्या मते ‘हान’पेक्षा या सगळ्यातून अधिक कळतं. एका राष्ट्राच्या स्वभावाला एक शब्द चिकटवला की पुढचा विचार थांबतो.

पार्क चान-वूक यांचा ‘जॉइंट सिक्युरिटी एरिया’ सप्टेंबर २०००मध्ये आला, दोन्ही कोरियांच्या नेत्यांची ऐतिहासिक भेट होऊन तीन महिनेच झाले होते. पानमुनजाॅमच्या सीमेवर गोळीबार होतो, तपासाला एक स्विस अधिकारी येते, आणि हळूहळू तिला कळतं की इथे सत्य कुणालाच नको आहे. दोन्ही बाजूंचे पहारेकरी एकमेकांचे मित्र होते, हेच ते सत्य. खून लपवला जातो हे आपण पाहिलेलं असतं. इथे माणुसकी लपवावी लागते. ‘ओल्डबॉय’मध्ये तर नायकाला शेवटी ऐकवलं जातं की तू प्रश्नच चुकीचा विचारलास: कोंडलं का, हे विचारत बसलास, सोडलं का, हे विचारायला हवं होतं.

ना हाँग-जिन यांचा २००८चा ‘द चेसर’ ही गोष्ट आणखी रांगडेपणानं करतो. त्यात खुनी लवकरच पकडला जातो आणि चौकीत बसून थंडपणे कबुलीही देतो. एक स्त्री अजून कुठल्यातरी घरात जिवंत आहे. तिला शोधणारा माणूस माजी पोलीस आणि आता वेश्याव्यवसायातला दलाल; तिच्या मुलीला घेऊन तो गल्ल्या पालथ्या घालतो. पोलीस मात्र दुसऱ्याच विवंचनेत आहेत, कारण बाजारात कुणीतरी महापौरांवर विष्ठा फेकली आहे. मागे २००४ मध्ये सोलमध्ये पकडलेल्या यू यंग-चुल या खुन्याचं प्रकरण आहे. त्याला पकडून देण्यात मसाज पार्लरच्या मालकाचा हात होता, आणि अपस्माराचा झटका आल्याचं सोंग करून तो कोठडीतून निसटलाही होता. वास्तव इतकं विचित्र असताना दिग्दर्शकाला कलाटणी रचायची गरज उरली नाही. सोलमधल्या त्या चढाच्या, अरुंद, ओल्या गल्ल्या मात्र त्यांनी अशा दाखवल्या आहेत की धावणाऱ्याचा दम आपल्याला लागतो.

बोंग यांचा २००९चा ‘मदर’ मला या सगळ्यांत श्रेष्ठ वाटतो. किम हे-जा या दूरचित्रवाणीवर अवघ्या देशाच्या आई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अभिनेत्री. त्यांना बोंगनी जडीबुटी विकणाऱ्या, चोरून अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्या, मतिमंद मुलासाठी जीव टाकणाऱ्या बाईची भूमिका दिली. मुलाला खुनाच्या आरोपात अडकवलं जातं, कागदावर त्याचा अंगठा घेतला की पोलिसांचं काम संपतं, आणि आई स्वतः तपासाला निघते. आपण तिच्या बाजूचे होतो, पूर्णपणे होतो, आणि मग सत्य समोर येतं तेव्हाही तिच्याच बाजूला उभे असतो. अखेरीस पोलिसांना दुसरा एक आरोपी मिळतो, तसाच दुबळा, तसाच भाबडा. त्याला भेटायला गेलेली ही बाई एकच विचारते: तुला आई नाही का रे? तो नाही म्हणतो, आणि ती रडते. शेवट कळून मी हा चित्रपट चार वेळा पाहिला आहे. त्या प्रश्नाशी पोहोचताना दर वेळी घसा दाटतो.

हसू आणि भय एका श्वासात आणण्याच्या या हातोटीबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. बोंग यांच्या संदर्भात एक बोलीतला कोरियन शब्द फ्रेंच समीक्षकांनी उचलून धरला. गाताना सूर घसरतो किंवा बिलियर्ड्सची काठी चेंडूवरून निसटते, त्याला तो वापरतात. खुनाच्या जागी घसरून पडणारा अधिकारी हा तसाच निसटलेला सूर. हसल्यावर आपण ओशाळतो, आणि तिथेच पकडले जातो.

आता तक्रार. ती केली नाही तर हा आढावा खोटा ठरेल. या प्रकारात स्त्रियांची प्रेतं फार आहेत. शेतात, नाल्यात, पिशवीत, न्हाणीघरात. किम जी-वून यांचा २०१०चा ‘आय सॉ द डेव्हिल’ सूड माणसाला कसा पोखरतो हे सांगू पाहतो, ली ब्युंग-हुन आणि चोई मिन-सिक यांचा अभिनयही जबर आहे. पण बाईच्या यातनांवर कॅमेरा जितका वेळ थांबतो तितका तो तिच्या आयुष्यावर थांबत नाही. तो चित्रपट मी पुन्हा पाहिला नाही, पाहणारही नाही. त्याच्या मागून आलेल्या कित्येक चित्रपटांनी तर फक्त क्रौर्य आणि कलाटणी एवढंच उचललं. त्यातल्या त्यात २०१७च्या ‘फरगॉटन’ला मी वेगळा काढते. भारतात तो निव्वळ धक्क्यासाठी पाहिला जातो, पण त्याची गाठ १९९७च्या आर्थिक संकटात मारलेली आहे. पैशावाचून कोंडीत सापडलेली दोन माणसं एकमेकांसमोर येतात आणि पुढचं सगळं त्यातून घडतं.

गेल्या दहा वर्षांत हा सिनेमा शांत होत गेला, आणि मला तो अधिक आवडू लागला. ली चांग-दोंग यांच्या २०१८च्या ‘बर्निंग’मध्ये एक मुलगी नाहीशी होते. प्रेत नाही, पुरावा नाही, खून झाला की नाही हेही नक्की नाही. एक गरीब मुलगा आहे, ज्याच्या गावात उत्तर कोरियाच्या ध्वनिक्षेपकांचा आवाज ऐकू येतो, आणि एक श्रीमंत तरुण, जो काय काम करतो ते कळत नाही आणि जो दुसऱ्यांचं बोलणं ऐकताना जांभई देतो. त्या जांभईत जितका संशय आहे तितका रक्ताच्या थारोळ्यात नसतो. पार्क चान-वूक यांच्या २०२२च्या ‘डिसिजन टू लीव्ह’मध्ये फौजदार पार्क हे-इल आहेत, जे ‘मेमरीज ऑफ मर्डर’मध्ये मुख्य संशयित होते. एकोणीस वर्षांनी संशयिताच्या हाती तपास आला. समोर चिनी विधवा, तिची कोरियन भाषा मालिका बघून शिकलेली, अडलं की फोनमधलं भाषांतर. इथे रहस्य खुनाचं कमी आणि तिच्या शब्दांचं जास्त आहे.

आणि ‘नेक्स्ट सोही’. जंग जू-री या दिग्दर्शिकेचा २०२२चा चित्रपट. कॉल सेंटरमध्ये शाळेतर्फे उमेदवारीला पाठवलेली एक मुलगी आत्महत्या करते. जॉनजू शहरात २०१७ मध्ये असं खरोखर घडलं होतं. बे डू-ना यांची फौजदार उत्तरार्धात तपासाला निघते. कंपनीत जाते, शाळेत जाते, शिक्षण खात्यात जाते. प्रत्येक भिंतीवर तक्ता, तक्त्यावर आकडे, आणि प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवतो. खुनी कुठेच नाही आणि तपास मात्र तंतोतंत खुनाचा आहे. प्रेताऐवजी इथे पूर्वार्धभर ती मुलगी दिसते, नाचणारी, भांडणारी, जेवणारी. माझ्या वरच्या तक्रारीला एका कोरियन दिग्दर्शिकेनंच दिलेलं हे उत्तर आहे.

आपल्याकडे या चित्रपटांची नक्कल खूप झाली. ‘जिंदा’चं ‘ओल्डबॉय’शी आणि ‘मर्डर २’चं ‘द चेसर’शी असलेलं साम्य कुणापासून लपलं नाही. पुढे रीतसर हक्क घेऊनही चित्रपट आले. त्यात मला हळहळ वाटते ती ‘रॉकी हँडसम’ची, कारण तो निशिकांत कामत यांचा. ‘डोंबिवली फास्ट’मध्ये त्यांनी लोकलचा डबा, पाण्याचा टँकर, लाच यांतून एका कारकुनाचा स्फोट घडवला होता. गुन्हा आणि गाव एकमेकांत किती मिसळलेले असतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण गोव्यात आणलेल्या त्या कोरियन कथेत मारामारी तेवढी आली, माती आली नाही. उलट दिशेचाही प्रवास सुरू झाला आहे. मल्याळममधून आलेल्या आणि हिंदीत कामत यांनीच केलेल्या ‘दृश्यम’च्या कोरियन आवृत्तीची घोषणा २०२३ मध्ये कान महोत्सवात झाली. ती पाहायला कामत नाहीत. २०२० मध्ये ते गेले.

मराठीत मानवतच्या हत्याकांडावर २०२४ मध्ये वेब मालिका आली. ती गुन्हा उकलणाऱ्या रमाकांत कुलकर्णी यांच्या बाजूनं सांगितलेली आहे, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण त्यांनी तो उकलला. पण ज्यांना उकलता आला नाही, ज्यांनी भलत्यालाच मारलं, त्यांच्या बाजूनं कुणी सांगितलं तर? ह्वासाँगची गोष्ट तशी सांगितली गेली, आणि तिथेही एक गोष्ट राहून गेली होती.

दहा खुनांपैकी आठवा, १९८८ सालचा, तेरा वर्षांच्या मुलीचा, पोलिसांनी ‘सोडवला’ होता. शेतीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या, पोलिओमुळे पाय अधू असलेल्या एका तरुणाला त्यांनी १९८९ मध्ये पकडलं, झोपू दिलं नाही, आणि कबुली घेतली. त्याला जन्मठेप झाली. ली चून-जेनं कबूल केलेल्या खुनांत तोही होता. डिसेंबर २०२०मध्ये न्यायालयानं त्या माणसाला निर्दोष ठरवलं. २००३च्या वसंतात पन्नास लाख लोक चित्रपटगृहांत बसून फौजदार एका दुबळ्या मुलाकडून खोटी कबुली कशी घोकून घेतात हे पाहत होते, तेव्हा तो तुरुंगात होता. त्याला सुटायला आणखी सहा वर्षं होती.